तंबोरा मिरजेचा, दोरा आपला

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातील एका स्नेह्याच्या ओटीवर चार-पाच मंडळी जमली होती. आपल्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेने स्वतःचे लहानसे नभोवाणी केंद्र काढावे, अशी कल्पना काही दिवस चालू आहे. परवानगीचा अर्जही अद्याप गेलेला नाही, म्हणून संस्थेचे नाव येथे घेत नाही. मंडळी माझ्याकडे आली होती ती वेगळ्याच कामासाठी. माझे वडील कलावंत कारखान्याच्या अखेरच्या वर्षांत अगदी कोवळ्या वयात चाकरीला लागले. त्यांच्या आणि त्यांच्या सोबतच्या गुणीजनांच्या गाण्याच्या काही फिती आमच्या माळ्यावर आहेत. त्या केंद्राला द्याव्यात, अशी विनंती होती. मी विचारले, "त्या लावणार कोण?" उत्तर आले, "कोणी नाही. संगणकच लावील. माणूस बसवायला पैसा कुठला?"

मग वाद निघाला तो त्या संगणकावरून. एका पक्षाचे म्हणणे, मुंबईच्या एखाद्या अनुभवी कंपनीला बोलवावे, तिने सगळी यंत्रणा बसवून किल्ली हाती द्यावी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आपल्या संस्थेतली मुले हुशार आहेत, फुकट मिळणारी साधने जोडून तीच यंत्रणा घरी उभी करतील. मी मध्ये तोंड घातले तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "मास्तर, ह्यात गाणाऱ्याचं काय काम? हा इंजिनेरांचा प्रश्न." त्यांचा मान राखून मी तेव्हा गप्प बसलो, पण हा प्रश्न गाणाऱ्याचाही आहे, किंबहुना आधी त्याचाच आहे, असे मला वाटते. तेच सांगण्यासाठी हा लेख.

ही स्वयंचलित यंत्रणा म्हणजे काय, ते आधी पाहू. पूर्वी निवेदक तबकडी लावी, ती संपत आली की दुसऱ्या यंत्रावर पुढची तयार ठेवी. १९५०-६० च्या सुमारास अमेरिकेत फितींच्या यंत्रांनाच हे काम शिकविण्यात आले. गाण्याच्या शेवटी पंचवीस हर्ट्झचा, म्हणजे श्रोत्याला जवळजवळ ऐकू न येणारा, खर्जातला एक नाद फितीवर भरून ठेवीत. तो यंत्राच्या कानी पडला की दुसरे यंत्र सुरू होई. पुढे १९७९ मध्ये 'सिलेक्टर' नावाची संगणकीय पद्धत आली. कोणते गाणे कोणत्या तासाला, एकाच गायकाची दोन गाणी किती अंतराने, हे ती ठरवू लागली. आज एकाच संगणकात ही सारी कामे होतात. तो दिवसाचा क्रम लावतो, एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाशी जुळवितो, जाहिरात वेळेवर सोडतो, आणि हवेत काहीच जात नसेल तर आपण होऊन काहीतरी वाजवितो. थोडक्यात, निवेदकाचा हात आणि कार्यक्रम-अधिकाऱ्याचे डोके ही दोन्ही त्याच्या ताब्यात जातात. हात दिला तर तक्रार नाही. डोके कोणाचे बसवावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

घरी बांधलेल्या नभोवाणीला हसण्याचे कारण नाही. 'आकाशवाणी' हे नाव ज्या केंद्रावरून प्रसिद्धीस आले, ते म्हैसूरचे केंद्र १९३५ साली डॉ. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या राहत्या घरी, अवघ्या तीस वॅटच्या प्रक्षेपकावर सुरू केले होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरकारी नभोवाणीच्या वाट्याला सहा केंद्रे आली. त्याखेरीज म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, औरंगाबाद आणि आपले बडोदे येथे संस्थानी केंद्रे होती. बडोद्याचे केंद्र १९४८ साली सरकारी नभोवाणीत सामील झाले. म्हणजे दिल्लीची वाट न पाहता आपल्या गावाचा आवाज आपण हवेत सोडावा, ही या नगरीला नवी गोष्ट नव्हे. नवी आहे ती यंत्राच्या हाती सर्व सोपवून झोपी जाण्याची सोय.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका केंद्राने सकाळच्या रागांचा एक तास माझ्याकडून लावून घेतला. यंत्रणा कंपनीने बसविलेली, देखणी, पडद्यावर रंगीबेरंगी पट्टे. पहिली चीज होती ललतची, आधी आगऱ्याच्या रीतीची नोमतोम. मी घरी घड्याळ लावून ऐकत बसलो. नोमतोमचे पहिले मिनिट गाळून गाणे एकदम मध्येच उगवले, जणू गवई दाराआड गात होता आणि कोणी दार धाडकन उघडले. पुढच्या चिजेत विलंबितात एके ठिकाणी गायक थांबला, मागे तंबोरा मंद वाजत होता, आणि त्या शांततेत अचानक एक चित्रपटगीत सुरू झाले! तास संपताना तराणा समेच्या दोन मात्रा आधी कापला गेला आणि साबणाची जाहिरात लागली. मी फोन केला. तेथील तरुण बिचारा सज्जन होता. म्हणाला, "सर, आम्हांला ते बदलता येत नाही. पासवर्ड कंपनीकडे आहे. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल."

हे तीन अपघात यंत्र बिघडल्यामुळे झाले नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. यंत्र अगदी ठीक चालले होते. गाणे संगणकात भरताना सुरुवातीची व शेवटची शांतता आपोआप छाटण्याची त्यात सोय असते. समजा, उणे तीस डेसिबल ही पातळी ठरविली, तर त्याखालचे सारे ते 'रिकामे' समजते. चित्रपटगीत पहिल्याच ठोक्याला ती पातळी ओलांडते. मंद तंबोऱ्यावर खर्जात उघडणारी आलापी, त्यातून जुन्या फितीवरची, तिच्या खाली राहते आणि छाटली जाते. दुसरी सोय शांततेच्या पहाऱ्याची. ठराविक सेकंद आवाज ठराविक पातळीच्या वर आला नाही, तर केंद्र बंद पडले असे समजून यंत्र राखीव गाणे सोडते. तिसरी सोय तासाच्या काट्याची. तास वाजला की हातातले टाकून पुढचे घ्यावयाचे. तिन्ही सोयी योग्य आहेत, परंतु त्या तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी केलेल्या आहेत. ज्याने त्या आखल्या त्याच्या कानात ख्याल नव्हता, एवढाच त्याचा दोष.

चौथी गोष्ट आवाज समतल करणाऱ्या यंत्राची. प्रक्षेपणाला कायद्याची मर्यादा आहे, म्हणून आवाजाला वरून लगाम हवाच. पण तो लगाम इतका आवळतात की गायक हळू झाला की तंबोरा वर चढतो आणि गायकाने आवाज लावला की सारे खाली बसते. ज्या गायकीची निम्मी शोभा आवाजाच्या लहानमोठेपणात आहे, तिला इस्त्री फिरविल्यासारखे होते.

आणि वेळेचे काय? यंत्राला गाण्याची जात विचारली की ते सांगते: चित्रपट, भक्ती, लोकगीत, शास्त्रीय. ललत आणि मालकंस दोन्ही 'शास्त्रीय', मग ते सकाळी मालकंस लावते आणि रात्री ललत. ज्यांच्या घरी आजी देवपूजेच्या वेळी भैरव ऐकून मोठी झाली, त्यांना हे कसे टोचते ते मी सांगावयास नको. रागाचा समय पाळावा की नाही, हा वाद मला ठाऊक आहे, आणि मी त्यात कट्टर नाही. पण समय मोडावयाचा तर तो विचार करून मोडावा. चौकटीत रकाना नव्हता म्हणून मोडला, हे पटत नाही. वास्तविक हे यंत्राला शिकविणे कठीण मुळीच नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर राग, प्रहर, गायक, घराणे, साल असे पाच रकाने भरावे, आणि अमक्या प्रहराचे तमक्या वेळेतच लावावे असा नियम घालावा. संगणकाला हे पोरखेळ आहे. मात्र ती चौकट बदलण्याचा अधिकार आपल्या हाती असला पाहिजे.

येथवर वाचून घरच्या यंत्रणेचा पक्ष खूश होईल. त्यांनी जरा थांबावे, कारण दुसरा अनुभव त्यांच्यासाठी आहे. दुसऱ्या एका संस्थेत एका बुद्धिमान मुलाने सारी यंत्रणा स्वतः बांधली. मी जे जे मागितले ते ते त्याने केले. आलापी छाटली जाईना, तराणा समेवर येऊन थांबू लागला. दोन वर्षे मोठ्या आनंदात गेली. मग तो मुलगा उच्च शिक्षणासाठी परदेशी गेला, जावयासच हवा होता. ऐन दिवाळीत संगणकाची तबकडी निकामी झाली. तेव्हा कळले की कोणता भाग कोणाला जोडला आहे हे फक्त त्याच्या डोक्यात होते. ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत सापडली. पण नावे पाहावी तर 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचे', 'खरोखर शेवटचे'. कोणता राग, कोण गाते, काही नाही. मुलाने परदेशातून रात्री जागून मदत केली, तरी सहा आठवडे केंद्र मुके होते, आणि काही मुद्रणे कोणाची ती आजतागायत कळलेली नाहीत.

ह्या दुखण्याची आम्हा गाणाऱ्यांना चांगली ओळख आहे. उस्तादाच्या पोटात चीज असावी, त्याने ती मुलालाही पुरती देऊ नये, आणि एके दिवशी ती त्याच्याबरोबर जावी, हेच तर शतकानुशतके चालले होते. ते थांबविण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली, चिजा स्वरलिपीत लिहून क्रमिक पुस्तके केली. पुढे १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंडे यांच्या पुढाकाराने भरली तीही याच नगरीत. लिहून ठेवलेले गाणे म्हणजे गाणे नव्हे, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. पण लिहिलेले नसेल तर उद्या भांडावयालाही काही उरणार नाही, हेही ठाऊक होते. ज्या गावाने गळ्यातली विद्या वहीत उतरविण्याचा धडा देशाला दिला, त्या गावातल्या मुलांनी यंत्रणा बांधावी आणि तिची वही ठेवू नये, हे शोभत नाही.

कोणी म्हणेल, मग कंपनीच बरी; निदान तिच्या दारात जाऊन ओरडता तरी येते. खरे आहे. पण तिचा वार्षिक करार संपला, किंवा ती कंपनीच दुसऱ्या कोणी विकत घेतली, तर ओरडणार कोणापुढे? त्याहून मोठी गोष्ट ही की, काही यंत्रणांत आपण भरलेली माहिती त्यांच्याच साच्यात अडकते. पाच वर्षे बसून तुम्ही हजारो मुद्रणांचे राग आणि प्रहर भरलेत, आणि यंत्रणा बदलावयाची म्हटली तर ते बाहेर काढता येत नाही. ध्वनिमुद्रण तुमचे आणि त्याचे ज्ञान कंपनीचे, अशी ही विलक्षण वाटणी!

खरे पाहता ह्या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि ओटीवरच्या वादात तिचा उल्लेखच झाला नाही. घरी बांधणे म्हणजे शून्यापासून बांधणे नव्हे. अमेरिकेत 'रिव्हेंडेल' नावाची यंत्रणा वीस वर्षांहून अधिक काळ खुली आहे, कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. तेथील पुष्कळ केंद्रे ती वापरतात. 'लिब्रटाइम' ही २०१७ पासून तशीच चालविली जाते. आपल्याकडे दिल्लीच्या 'ग्रामवाणी' या संस्थेने लहान केंद्रांसाठीच 'ग्रिन्स' नावाची यंत्रणा केली होती. श्रोत्यांचे फोन घेणे आणि मुद्रणे साठविणे हेही तिच्यात होते. म्हणजे पाया अनेकांनी वापरून पारखलेला घ्यावा, आणि वरच्या खोल्या आपल्या गरजेप्रमाणे बांधाव्या, हा मार्ग मोकळा आहे.

ज्या गोष्टीत मात्र हौशीपणाला अजिबात थारा नाही, त्याही सांगतो. प्रक्षेपक, मनोरा, वीज पडू नये म्हणून करावयाची जोडणी, ही कामे जाणत्याकडूनच करून घ्यावीत आणि पावती घ्यावी. सामुदायिक नभोवाणीचे २००६ सालचे धोरण शंभर वॅटपर्यंतच्या प्रक्षेपणाला आणि तीस मीटरपर्यंतच्या मनोऱ्याला परवानगी देणारे होते. हा आकडा लहान वाटतो, पण शेजारच्या लहरीत घुसण्यास आणि माणसाला इजा होण्यास तो पुरेसा आहे. त्याच धोरणात निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून व्हावेत आणि जे जे प्रक्षेपित झाले ते तीन महिने जपून ठेवावे, अशीही अट घातलेली होती. तीन महिने अखंड प्रक्षेपण म्हणजे सुमारे दोन हजार एकशे साठ तास; साध्या दर्जाने साठविले तर सव्वाशे जीबीच्या आत मावते. म्हणजे कपाटे लागत नाहीत, शिस्त लागते. ही नोंद ठेवणारा संगणक प्रसारणाच्या संगणकाहून वेगळा असावा, हे कोणाही अनुभवी माणसाला विचारले तरी तो सांगेल.

आता निकाल. आमच्याकडे तंबोरा घरी करीत नाहीत. तो मिरजेहून येतो. भोपळा कोणता निवडावा, तो किती वाळवावा, घोडी कशी घासावी, हे पिढ्यानुपिढ्या ज्या घरांनी केले त्यांचेच काम. मी उद्या करवत घेऊन बसलो तर माझ्या हातून फार तर पाणी भरावयाचे भांडे होईल. पण तो तंबोरा घरी आला की त्याच्या तारेखाली जवारीचा दोरा मी सरकवितो. आज सूर कोणता, हवा दमट की कोरडी, गाणारी मुलगी की मी, यावर तो दोरा केसभर पुढे किंवा मागे जातो. हे काम मिरजेच्या कारागिराला पत्र पाठवून होत नाही. आणि ज्याला स्वतःच्या तंबोऱ्याचा दोरा लावता येत नाही, त्याला मी अजून गवई म्हणत नाही.

लहान केंद्रानेही हेच करावे. वीज, मनोरा, प्रक्षेपक, हे मिरजेचे काम; विकत घ्यावे, चांगले घ्यावे. गाणे निवडणारी, क्रम लावणारी, शांततेचा अर्थ ठरविणारी यंत्रणा खुल्या पायावर आपल्या माणसांनी उभी करावी, कारण दोरा तेथे आहे. मात्र तीन अटींवर. पहिली, यंत्रणा कशी बांधली हे मराठीत किंवा गुजराथीत, साध्या वहीत लिहिलेले असावे, आणि ती वही वाचून वर्षातून एकदा तिऱ्हाइताने यंत्रणा नव्याने उभी करून दाखवावी. दुसरी, काम जाणणारी माणसे नेहमी दोन असावीत. एक पदवी घेऊन निघाला की त्याने आधी तिसरा तयार करावा. तिसरी, मुद्रणांची आणि त्यांच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या जागी, उंचावर असावी. ह्या अटी पाळण्याची तयारी नसेल, तर संस्थेने खुशाल कंपनीला बोलवावे. पण करार करताना पासवर्ड, शांततेची पातळी बदलण्याचा हक्क, आणि सर्व माहिती साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढण्याची मुभा, ही तीन कलमे लिहून घ्यावीत. कंपनी ती देण्यास नकार देईल तर तिला चहा पाजून निरोप द्यावा.

'उंचावर' हा शब्द मी उगाच लिहिला नाही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा किती घरांतली छायाचित्रे, वह्या आणि फिती चिखलात गेल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या फिती माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. परंतु पाणी आले नाही तरी फीत आपल्या जागी म्हातारी होतच असते. तिच्यावरचा थर सुटू लागतो, आणि ती वाजविणारे यंत्र दुरुस्त करणारा माणूस तर आधीच मिळेनासा झाला आहे. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, वाडीत, किती जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा फिती आहेत, ते वाचकांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. घरातल्या गणपतीपुढचे गाणे, कोणाच्या मुंजीतली बैठक, आजोबांनी हौसेने भरून ठेवलेला एखादा रेडिओचा कार्यक्रम. ह्या गोष्टी कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत. आपल्या केंद्राने त्या लावल्या नाहीत, तर कोणीच लावणार नाही.

म्हणून ओटीवरच्या मंडळींना मी निरोप पाठविला आहे. वडिलांच्या फिती देईन, विनाअट नव्हे. त्यांतल्या एका फितीत गाणे सुरू होण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे नुसता तंबोरा आहे. मध्ये कोणी खोकते, वडील कोणाला तरी "खिडकी लाव" म्हणतात, आणि मग षड्ज लागतो. यंत्र कंपनीचे असो की मुलांनी केलेले असो, त्याने ती दोन मिनिटे न छाटता हवेत सोडून दाखवावी. दाखविले की त्याच दिवशी मी माळ्यावर शिडी लावतो.